अक्काचे एक्स-रे

शालन डुबलनं पहिलं पान कापलं ते अक्काच्या गुडघ्याच्या एक्स-रेमधून, आणि त्याच दुपारी अक्काच्या उजव्या गुडघ्याला पानाच्या आकाराचं भोक पडलं. आरपार. पातळालाही त्याच जागी तेवढंच भोक होतं, कडा अगदी साफ. अक्का पाय लांब करून शेंगा फोडत बसली होती. तिनं भोकातून बोट घातलं, पलीकडची फरशी चाचपून पाहिली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

"दुखतंय का गं?" शालननं विचारलं.

"नाही. दुखायचं थांबलं."

एक्स-रे अक्कानंच काढून दिले होते. शालन शाळेतून निवृत्त झाली होती. चौतीस वर्षं तिनं कराडातल्या पोरांना जास्वंदीचं फूल आणि 'आमची सहल' काढायला शिकवलं होतं. आता ती लोकांचं जुनं फर्निचर रंगवायची. आधी पॉलिश पेपरनं घासायचं, भेगांत लांबीचा लगदा भरायचा, रंगाचे दोन हात द्यायचे आणि मग स्टेन्सिल ठेवून स्पंजनं नक्षी टिपायची. पुठ्ठ्याची स्टेन्सिलं दोन वापरात भिजून मऊ पडत. कुणीतरी सांगितलं, एक्स-रेची फिल्म घ्या, वर्षानुवर्षं टिकते. ते ऐकून अक्कानं कपाटामागचं खाकी पाकीट ओढून काढलं.

"घे की माझे. पडूनच आहेत."

पाकिटात तीन फिल्मा होत्या. गुडघ्याची, मनगटाची आणि छातीची. शालनची एकही नव्हती. एकसष्ट वर्षांत तिचं काही मोडलं नव्हतं. ती चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हा तिची थोरली बहीण अक्का तेरा वर्षांची होती. तेव्हापासून घाटाच्या पायऱ्यांवरून शालन घसरली की तिला धरायला जाऊन पडायची ती अक्काच.

गुडघ्यातल्या पानांची वेल जगतापबाईंच्या ड्रेसिंग टेबलावर गेली. निळ्या रंगावर पांढरी, खालून वर चढत गेलेली. आठवड्यानं जगतापबाई जिन्यात भेटल्या.

"टेबल ऊबदार लागतं हो हाताला," त्या म्हणाल्या. "आमचं मांजर दिवसभर त्याच्यावरून उठत नाही."

मनगटाच्या फिल्ममधून शालननं जाईची फुलं काढली. ती फुलं एका घरच्या झोपाळ्याच्या फळीवर उमटली. त्या घरात तान्हं मूल होतं. फळी टांगल्या दिवसापासून झोपाळा कुणी हात न लावता हलायचा, मूल झोपेपर्यंत हलायचा आणि मग थांबायचा. इकडे अक्काच्या मनगटात फुलांच्या आकाराची पाच भोकं पडली. कणीक सैल झाली की घट्ट, ते तिला कळेनासं झालं. चपात्या वातड व्हायला लागल्या.  शालननं त्या चहात बुडवून खाल्ल्या.

पुढं शालननं स्वतःला पुष्कळदा विचारलं, की आपल्याला कधी कळलं? दरवेळी उत्तर एकच यायचं. झोपाळ्याच्या वेळीच कळलं होतं.

तरीही केतकी साळुंखे आली तेव्हा शालन तिला नाही म्हणाली नाही. केतकीचं लग्न ठरलं होतं. आपल्या मावशीकडचं सागवानी कपाट तिला सासरी न्यायचं होतं आणि दोन्ही दारांवर तिला बगळे हवे होते. कृष्णेवर संध्याकाळी उडतात तसे, एका ओळीत, मोठ्ठे. शालननं कपाट घासलं, सायीसारखा पांढुरका रंग दिला आणि दोन दिवस ते नुसतंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं छातीची फिल्म खिडकीशी उजेडात धरली.

"ह्यातून मोठं काहीतरी निघेल," ती म्हणाली.

"अक्का, तो छातीचा आहे."

"दिसतंय मला."

"मग नको."

"का? गुडघ्याचा चालला, मनगटाचा चालला." अक्कानं फिल्म टेबलावर पसरली आणि तळहातानं सारखी केली.  "शाले, मुंबईच्या कॉलेजचं पत्र आलं होतं ना तुझं."

त्रेचाळीस वर्षांत त्या पत्राचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. शालन अठरा वर्षांची होती. चित्रकलेच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता, पेटीही भरून झाली होती. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं, जायचं नाही.

"अप्पांना मीच म्हटलं, पाठवू नका," अक्का म्हणाली. "पोरीची जात, एकटी कशी राहील मुंबईत, असं म्हटलं."

"माहीत आहे मला."

"ते खोटं होतं. तू राहिली असतीस. मला इथं एकटीला भ्या वाटत होतं."

शालननं काहीतरी बोलायला हवं होतं. 'जाऊ दे अक्का' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. शाळेत ती रोज कुणा ना कुणाला 'जाऊ दे' म्हणायची. काच फोडलेल्या पोरांना, रजा नाकारणाऱ्या हेडमास्तरांना, सगळ्यांना म्हणायची. अक्का वाट बघत उभी होती.

"कटर कुठं ठेवलंस?" शालननं विचारलं.

अक्कानं कटर आणून दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

शालन दीड तास कापत होती. तिचा हात असा कधीच चालला नव्हता. बरगड्यांच्या रेषा पंखांसाठी आयत्याच मिळाल्या होत्या. मुंबईला गेली असती तर ती जी बाई झाली असती, तीच त्या सकाळी खुर्चीवर बसून काम करत होती. दुसऱ्या बगळ्याला आतलं अक्काचं गुणगुणणं थांबलं. शालनला ते ऐकू आलं. तिनं पातं उचललं नाही. पुढच्या काही बगळ्यांमध्ये भांड्यांचा आवाज बारीक बारीक होत गेला, आणि सातवा बगळा सुटून टेबलावर पडला तेव्हा आतून काहीच ऐकू येईना.

थोड्या वेळानं अक्का चहा घेऊन बाहेर आली. तिच्या छातीत सात बगळे होते आणि त्यांच्यातून पाठीमागचं दार दिसत होतं.

"घ्या बाई," तिनं कप पुढं केला. "किती दिवस चालेल तुमचं काम?"

शालननं कप घेतला. अक्का समोरच्या लाकडी खुर्चीत टेकली. परक्या घरी लोक बसतात तशी, पाठ न टेकवता, हात मांडीवर ठेवून. त्या दिवशी अक्कानं तिला जेवलीस का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शालननं स्वतः भात टाकला आणि दोघींची पानं वाढली. जेवण झाल्यावर अक्का म्हणाली, "छान झालं होतं हो. तुम्हाला उगीच त्रास."

शालननं लांबी कालवली. अक्काला खिडकीपाशी बसवून तिनं एकेक बगळा पत्र्याच्या पट्टीनं भरत आणला, पॉलिश पेपरनं हलकेच घासला, पृष्ठभाग एकसारखा केला. अक्कानं मुकाट्यानं करू दिलं. रात्रभर लांबी टिकली. सकाळी अक्कानं उठून मोठा श्वास घेतला, तशी ती तडकली आणि तुकड्यातुकड्यांनी तिच्या ओटीत पडली.

बगळे टिपून झालेलं कपाट केव्हाच केतकीबरोबर गेलं होतं. लग्नानंतर महिन्याभरानं शालन तिच्या सासरी गेली. कपाट माजघरात होतं. केतकी हसतमुख होती, तिची तब्येतही सुधारली होती.

"मावशी, तुम्हाला काय सांगू," ती म्हणाली. "ह्याच्यापाशी उभं राहिलं ना, की कुणीतरी आपल्यासाठी जेवायचं थांबलंय असं वाटतं. सासरी येऊन महिना झाला, मी एकदाही रडले नाही."

शालननं दारावरच्या मधल्या बगळ्यावर हात ठेवला.

"आलीस?" कपाट म्हणालं. "किती उशीर केलास."

"बघा," केतकी म्हणाली. "मलापण असंच म्हणतं."

शालनचा हात तिथून निघेना. शेवटी ती म्हणाली, "केतकी, हे मला परत हवंय. तुला दुसरं करून देते. ह्याच्याहून चांगलं."

केतकी कपाट आणि शालन ह्यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. तिनं पाठ दारांना लावली आणि दोन्ही हात पसरले.

"नाही मावशी. दुसरं काहीही मागा. तुम्ही ह्याच्याशिवाय राहिला असता का?"

शालननं चपला घातल्या. ती घरी आली.

तोवर गावात बोलबाला झाला होता. लोक खुर्च्या, बाजा, देव्हारे, पाळणे आणून ठेवायला लागले. शालन नको म्हणायची, तरी ते जिन्यात ठेवून जायचे आणि संध्याकाळपर्यंत ते सामान आपोआप आत आलेलं असायचं. घरात आडवं होऊन चालावं लागे. अक्काला मात्र अडचण होत नव्हती. टेबलाचे कोपरे तिच्या भोकांतून सहज पलीकडे जात. दाराला एक जुना पलंग टेकला होता, त्यामुळं दार वीतभरच उघडायचं. एके दिवशी त्या फटीतून एका माणसानं खाकी पाकीट आत सरकवलं.

"आईचे आहेत," तो म्हणाला. "कंबर, खांदा आणि छाती. खुर्चीसाठी."

"मी ते काम बंद केलंय."

"तिनंच काढून दिलेत हो."

त्याच्या मागं पायरीवर त्याची आई उभी होती. डोक्यावरून पदर, हातात रुमाल. ती फटीतून शालनकडे बघून ओशाळवाणं हसली.

"घ्या की बाई," ती म्हणाली. "तेवढंच पोराला काहीतरी होईल."

शालननं पाकीट परत ढकललं. ते परत आत आलं. दुसऱ्या दिवशी नऊ पाकिटं आली, तिसऱ्या दिवशी तिनं मोजणं सोडलं. पाकिटांचा ढीग खिडकीपर्यंत चढला आणि घरात दुपारीही दिवा लावावा लागू लागला. त्या उजेडात अक्का खुर्चीत बसून असायची आणि मधूनमधून विचारायची, "तुमचं कुणी यायचंय का अजून?"

शालननं तिला उठवून ती खुर्ची घासली. चार दिवस घासत होती. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि ती वाळत ठेवली. ज्याच्यातून कापतो त्याचं जातं आणि ज्याच्यावर टिपतो त्याला मिळतं, एवढं तिला आता पक्कं ठाऊक होतं. अक्का दिवसभर त्या खुर्चीत बसते. खुर्चीच्या पाठीवर बगळे असले, तर तिच्या पाठीला ते लागतील. फिल्म मात्र शालनची स्वतःची हवी होती.

तिला एकच भीती होती. आपल्या छातीतून काय निघणार? त्रेचाळीस वर्षं तिनं तिथं एक पत्र आणि एक रुसवा जपला होता. दुसरं काही ठेवायला जागा केल्याचं तिला आठवत नव्हतं. रुसवाच खुर्चीवर उतरला तर अक्काला तो आयुष्यभर टोचेल. पण त्याच्याखाली आणखी काही असेल, घाटावर अक्कानं धरलेला हात असेल, तापात कपाळावर ठेवलेल्या घड्या असतील. असायला हवं होतं. सकाळी तिनं पलंग सरकवून अक्काला बाहेर काढलं.

एक्स-रेच्या दवाखान्यात गर्दी होती. बाकावर सगळ्या म्हाताऱ्या बायका होत्या आणि प्रत्येकीजवळ घरचं कुणीतरी उभं होतं. शालननं अक्काला बाकाच्या टोकाला बसवलं.

"अक्का, इथंच बस. कुठं जाऊ नकोस. मी आलेच."

"बरं," अक्का म्हणाली. "तुम्ही सावकाश या."

आत एक तरुण माणूस मशीनपाशी होता. त्यानं नाव लिहून घेतलं.

"काय होतंय?"

"काही नाही. छातीची फिल्म हवी आहे. मोठ्यातली मोठी."

"हल्ली बरेच जण येतात," तो म्हणाला. "पण ते दुसऱ्यांना घेऊन येतात."

त्यानं तिला पाटीसमोर उभं केलं. पाटी गार होती. तो काचेमागं गेला. बाहेरचं दार लावायचं राहिलं होतं. मान न हलवता शालनला बाकाचं टोक दिसत होतं, आणि त्याच्यापलीकडे दवाखान्याचं उघडं फाटक, तिथून आत आलेलं ऊन.

"हनुवटी वर. खांदे पुढं. हं, मोठा श्वास घ्या."

शालननं श्वास घेतला.

"धरून ठेवा."

बाहेर एक बाई बाकापाशी आली. अक्का अदबीनं उठली आणि तिनं तिला आपली जागा दिली. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि ती उन्हाच्या दिशेनं चालायला लागली. ऊन तिच्यातून आरपार आलं. सात लखलखीत बगळे फरशीवर उतरले आणि एका ओळीत, मुळीच घाई न करता, फाटकाकडे सरकू लागले.

हाक मारायला शालनला श्वास सोडावा लागला असता.

"हलू नका," काचेमागचा माणूस म्हणाला. तो पडद्यावर वाकला होता, आणखी वाकला, डोळे बारीक करून काहीतरी शोधत होता. "अजून धरा. अजून."

पहिला बगळा उंबऱ्यावर पोचला होता.