बिनरेघेची सही

भुईगावात सायमन लोपीसइतका संशयी माणूस दुसरा नव्हता, आणि सायमनला त्याचा अभिमानच होता. कुरिअरवाल्याने वही पुढे केली तरी तो आधी वरची सगळी नावं वाचून काढायचा. आजूबाजूच्या वाड्या एकेक करत बिल्डरांच्या घशात गेल्या, पण सायमनची केळीची वाडी शाबूत राहिली. ती या स्वभावामुळेच, असं त्याचं म्हणणं.

वडिलांनी त्याला एक युक्ती शिकवली होती. कुणी फारच मागे लागलं तर सही करून टाकायची, पण अक्षरं जरा वेगळी काढायची आणि खालची रेघ गाळायची. पुढे भानगड झालीच तर म्हणायला मोकळे, ही माझी सही नव्हे! वीस वर्षांपूर्वी जमिनीच्या एका एजंटाचा कागद अशा बिनरेघेच्या सहीवर आपटला होता. लग्नाच्या मांडवात सायमन ही गोष्ट अजून रंगवून सांगायचा.

मे महिन्यात एका संध्याकाळी अमेरिकेहून रायनचा, त्याच्या एकुलत्या एका मुलाचा, व्हिडिओ कॉल आला.

"पप्पा, एक कागद पाठवलाय. वसईला हेतल वकिलांकडे जाऊन तुम्ही आणि मम्मी सही करा. मला आणि ब्रिटनीला काही झालं तर नेरिसाला तुमच्याकडे पाठवायचं, एवढंच त्यात आहे."

ब्रिटनी ही सून, नेरिसा ही नात. सहा वर्षांची, तिकडेच जन्मलेली.

"तुम्हाला काय होणार?" सायमनने विचारलं.

"इकडे सरकार बाहेरच्या माणसांना उचलतंय, पप्पा. माझी नोकरी फेब्रुवारीतच गेली. व्हिसाचा अर्ज अडकलाय."

फेब्रुवारीत गेली आणि सांगतोय मे महिन्यात? सायमनच्या डोक्यात किडा वळवळला. तिकडे सकाळ, तरी सगळे पडदे ओढलेले. का, तर म्हणे कॅनडातली जंगलं पेटलीत, धूर शिकागोपर्यंत आलाय. एका देशात आग आणि दुसऱ्या देशात पडदे! तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं आणि नेरिसा सरळ टेबलाखाली शिरली.

"शाळेत शिकवतात तसं," रायन हळूच म्हणाला. "कुणी बंदूक घेऊन आला तर लपायचं."

फोन बंद झाल्यावर सायमन बायकोकडे, लुईझाकडे वळला. "पोरीलासुद्धा नाटक शिकवलंय. नोकरी गेली, आता याचा डोळा वाडीवर आहे."

"आपला मुलगा आहे तो," लुईझा म्हणाली.

"एजंटपण कुणाचा तरी मुलगाच असतो."

तरी लुईझाने त्याला वसईला नेलंच. हेतलने कागदाची ओळन् ओळ मराठीत सांगितली. वाडीचं त्यात नाव नव्हतं. पण तिच्या टेबलावर नव्या टॉवरची रंगीत पत्रकं पडली होती. ती सायमनने पाहिली आणि त्याचं ठरलं. लुईझाने नीट सही केली. सायमनने बिनरेघेची केली, आणि मनातल्या मनात खूश झाला. नेरिसाच्या बाप्तिस्म्याला अमेरिकेला जाताना काढलेल्या दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स लुईझाने कागदाला जोडली.

तीन आठवड्यांनी रायन आणि ब्रिटनी व्हिसाच्या अर्जाच्या तारखेला सरकारी कचेरीत गेले. त्यांना तिथेच अडकवून ठेवलं. शेजारणीकडे ठेवलेली नेरिसा सरकारी माणसांनी नेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची रोझरीची प्रार्थना चालू असतानाच फोन वाजला. पडद्यावर चष्मा लावलेला एक गोरा अधिकारी होता आणि बाजूच्या चौकटीत मराठी बोलणारी दुभाषी बाई.

"आजोबा, कागदावरची सही आणि पासपोर्टवरची सही जुळत नाही. हे विचारतायत, कागदावरची सही तुमचीच का?"

"माझीच!" सायमन ओरडलाच. "पोर कुठाय? पोरगी जेवली का?"

"ती ठीक आहे. कॅमेऱ्यासमोर पुन्हा सही करून दाखवता?"

त्याने केली. या वेळी रेघ नीट ओढली. अधिकाऱ्याने ती पाहिली, हातातला कागद पाहिला, मग सायमनचा चेहरा निरखला. सायमन आयुष्यभर लोकांना असाच निरखत आला होता.

"ते म्हणतात, सही दुसऱ्या कुणी केली असली तर मुलीला तुमच्याकडे पाठवता येणार नाही. तुम्हीच केली, तर वेगळी का केली? खरं कारण सांगा."

लुईझाच्या हातातली जपमाळ थांबली. इतकी वर्षं शेजारी झोपणाऱ्या या माणसाकडे ती अशी बघत राहिली की सायमनला मान वर करवेना. लाजेने त्याचे कान तापले.

"मला वाटलं," तो पुटपुटला, "माझा मुलगा मला फसवतोय."

दुभाषी बाई पडद्याकडे झुकली.

"आवाज तुटला, आजोबा. पुन्हा सांगा. जरा मोठ्याने, त्यांना नोंदवून घ्यायचंय."

सायमनने फोन तोंडाजवळ घेतला आणि मोठ्याने सांगितलं.