मसण्याउदाचे केस

गोपाळराव रिटायर झाले तेव्हा हापिसातल्या मंडळींनी त्यांना हार, शाल, नारळ आणि भाषणं दिली आणि टांग्यात बसवून सक्करदऱ्याला प्रयागबाईच्या ताब्यात आणून सोडलं. हार दुसऱ्या दिवशी सुकला, नारळाची चटणी झाली, शाल ट्रंकेत गेली. गोपाळराव मात्र घरातच राहिले. त्यांचं काय करायचं ते भाषणात कोणी सांगितलं नव्हतं.

इतकी वर्षं कसं बरं चाललं होतं. सकाळी नवरा सायकलवर टांग मारून निघून जाई तो दिवेलागणीला परत येई. मधला दिवस प्रयागबाईचा. त्यातही नवरा गेल्यागेल्याचे दोन तास तिचे जिवापाड लाडके. त्याच्याच आरामखुर्चीत बसायचं, पाय व्हरांड्याच्या कठड्यावर टाकायचे, दुसरा चहा बशीत ओतून आवाज करत प्यायचा आणि मग काही म्हणजे काही करायचं नाही. मनात आलं तर कुंपणापलीकडच्या भीमाबाईशी गावभरच्या चौकशा करायच्या, नाही आलं तर तेही नाही. दोन मुलींची लग्नं, सासूचं दुखणं, नवऱ्याची बढती, सगळं तिनं त्या दोन तासांच्या जोरावर निभावून नेलं होतं.

आता आरामखुर्चीत गोपाळराव बसत. तिथून त्यांना थेट स्वयंपाकघर दिसे. हापिसात हेडक्लार्क असलेल्या माणसाला समोर कोणी काम करताना दिसलं की राहवत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी वरणातल्या हळदीबद्दल शेरा मारला. दुसऱ्या आठवड्यात डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यामुळे प्रयागबाईला स्वतःच्या घरात मोहरी सापडेना. एकदा तर ती पोळ्या लाटत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डाव्या अंगानं जाड होऊन राहिली." प्रयागबाईच्या हातात त्या वेळी लाटणं होतं. तरी तिनं काही केलं नाही, ही गोष्ट देवानं कुठंतरी लिहून ठेवायला हरकत नव्हती.

देवानं बहुधा ठेवलीच. कारण पुढच्याच सोमवारी गोपाळरावांच्या दाढीच्या ब्रशला टक्कल पडलं. गालावर फेस कमी आणि केस जास्त, असा प्रकार झाला. आरशातलं ते ध्यान पाहून प्रयागबाईनं हसू दाबलं आणि गोपाळराव अर्धवट पुसलेल्या तोंडानं चौकातल्या कवडूच्या सलूनमध्ये गेले.

कवडूकडे दाढी करणं म्हणजे नुसती दाढी नव्हती. तिथं नंबर लावायचा, पेपर वाचायचा, सरकार कुठं चुकलं ते ठरवायचं. कवडू स्वतः वाद घालणारा माणूस. एक गाल झाला की वस्तरा हवेत धरून तो मुद्दा पुरा करी, मगच दुसऱ्या गालाकडे वळे. गोपाळराव परत आले तेव्हा उन्हं व्हरांड्यात उतरली होती आणि प्रयागबाईचे दोन चहा झाले होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. प्रयागबाई गाणं गुणगुणू लागली. भीमाबाईनं विचारलंसुद्धा, "काहून वं, पोरीकडून काही खुशखबर आली काय?"

शनिवारी रात्री जेवताना गोपाळराव म्हणाले, "रोज रोज कवडूकडे काहून जायचं? उद्या बर्डीवर जाऊ अन् एक चांगला ब्रश घेऊन टाकू. जिंदगीभर टिकंन असा."

जिंदगीभर म्हटल्यावर प्रयागबाईच्या हातातला घास तसाच राहिला. पण ती ताकास तूर लागू न देता म्हणाली, "मी बी येते."

"चल नं. मले एकट्याले समजत नाही," गोपाळराव खूश होऊन म्हणाले. आणि ते खरंच होतं. सरकारी कागदावर बेधडक सही करणारा हा माणूस बुटाच्या नाड्यासुद्धा बायकोला विचारून घेत असे.

सीताबर्डीवर वामनरावांचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्यांपासून कुलपांपर्यंत सगळं तिथं मिळे आणि गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर वामनरावांना रात्री झोप लागत नसे. प्रयागबाईनं पदर नीट खोवला. वाईटातला वाईट ब्रश निवडायचा, नाहीतर कुठलाच निवडू द्यायचा नाही, हे ती रिक्षातच ठरवून आली होती.

वामनरावांनी पहिला ब्रश काढला. नायलॉनचा. गोपाळरावांनी तो गालावर फिरवला आणि डोळे मिटून घेतले. "खराटा आहे," ते म्हणाले. प्रयागबाई लगेच म्हणाली, "चांगला आहे, घ्या हाच." पण गोपाळरावांचा गाल लाल झाला होता, त्यामुळे तो बेत फसला.

दुसरा आला. दांडा लाकडी, केस भरगच्च. "हे डुकराचे केस," वामनराव सहज बोलून गेले. "अर्ध्या नागपूरची दाढी ह्याच्यावरच चालते."

"डुकराचे," प्रयागबाई म्हणाली. "म्हणजे सकाळी उठून पहिले डुक्कर तोंडाले लावा, मंग आंघोळ करा, मंग देवापुढे बसा. देवाले समजत नसन काय?"

"आंघोळीनं सगळं निघून जाते, बाई," वामनराव म्हणाले.

"तुमच्या घरी निघत असन."

गोपाळरावांनी ब्रश हळूच काउंटरवर ठेवला. वामनरावांनी तिसरा आणला. घोड्याच्या केसांचा. घोडा हा मानाचा प्राणी, नवरदेवसुद्धा त्याच्यावर बसतो, असं त्यांनी स्वतःहूनच सांगून टाकलं.

"घोड्याचे कुठले केस?" प्रयागबाईनं विचारलं.

"शेपटीचे. आयाळीचे बी असतात."

"शेपटी घोड्याच्या कुठं असते, ते तुमाले माहीत आहे नं? अन् ती दिवसभर कशावर आपटते?"

शेजारी टिकल्या बघणाऱ्या दोन पोरी तोंडावर पदर घेऊन हसल्या. वामनरावांनी घाम पुसला, आत गेले आणि मागच्या कपाटातून एक लांबट डबी घेऊन आले. ती त्यांनी दोन्ही हातांनी उघडली. आत मखमलीवर एक ब्रश झोपला होता. केस मुळाशी पांढरे, मध्ये काळे, टोकाला पुन्हा पांढरे.

"विलायती आहे. आता येत नाही, माल बंद झाला. माझ्या वडिलांच्या वेळचा हा एकच राहिला. बॅजर."

गोपाळरावांचा चेहराच बदलला. त्यांच्या तरुणपणी हापिसात एक गोरा साहेब होता. एकदा फाईल घेऊन ते त्याच्या बंगल्यावर गेले, तेव्हा साहेब खिडकीशी उभा राहून दाढी करत होता. एवढासा साबण आणि एवढा फेस. ही हकीकत प्रयागबाईनं लग्नापासून इतक्या वेळा ऐकली होती की तो साहेब समोर आला असता तर तिनं ओळखला असता. गोपाळरावांनी ब्रश उचलला, गालावर टेकवला आणि हळूच फिरवला. "अवं, पाहा," ते म्हणाले, "ससा फिरून राहिला असं वाटते." आणि ते लहान पोरासारखे हसले.

हा माणूस स्वतःसाठी कधी काही मागत नसे. क्षणभर प्रयागबाईला वाटलं, घेऊ द्यावा. पण लगेच आरामखुर्ची दिसली, तिच्यात बसलेला हेडक्लार्क दिसला, आणि तिनं मन घट्ट केलं.

"बॅजर म्हणजे कोणता जनावर?" तिनं विचारलं.

वामनराव धंद्यात मुरलेले, पण त्या दिवशी त्यांचे ग्रह फिरलेले असणार. "आपल्याकडे बिज्जू म्हणतात नं, तसाच," ते म्हणाले.

प्रयागबाई दोन पावलं मागं सरकली. नरखेडकडची पोर ती. बिज्जू म्हणजे मसण्याउद, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. "मसण्याउद," ती म्हणाली. "मसणात राहते. मढे उकरून खाते. आमच्या गावात पुरल्या जागेवर काटे अन् गोटे ठेवतात, त्याच्याच भीतीनं. अन् तुमी तो तोंडाले लावला?"

टिकल्यावाल्या पोरी टिकल्या सोडून निघून गेल्या. "अंधश्रद्धा आहे ही," गोपाळराव म्हणाले. पण ब्रश त्यांनी डबीत ठेवला होता, आणि रुमालानं गाल पुसायला लागले ते घरी पोचेपर्यंत पुसतच होते.

रिक्षात प्रयागबाई मनातून जिंकली होती. उद्या सकाळी कवडू, आणि आपण, आणि चहा.

सकाळ झाली. आठ वाजले. गोपाळराव जागचे हलेनात. शेवटी तिनंच विचारलं, "कवडूकडे नाही जायचं काय?"

"नाही."

"काहून?"

"काल संध्याकाळी त्याले विचारलं, तुझ्या ब्रशाचे केस कशाचे आहेत म्हणून. तो म्हणे, काका, मले काय माहीत, बाजारातून आणला. आता सांग. डुक्कर असन, घोडा असन, अजून काय असन. अन् तो ब्रश साऱ्या सक्करदऱ्याच्या तोंडावरून फिरते." त्यांनी हनुवटी खाजवली. "मी आता दाढीच ठेवतो. आपल्याच केसाचा भरवसा."

प्रयागबाईनं कपाळाला हात लावला. इतकं चोख काम आपल्या हातून होईल अशी तिला कल्पना नव्हती.

दाढी वाढली. चांगली पांढरीशुभ्र, भरदार, आणि गोपाळरावांना ती शोभू लागली हे त्याहून वाईट. पोस्टमन नमस्कार करून जाऊ लागला. पलीकडच्या गल्लीतली एक बाई नातवाचं नाव काय ठेवावं ते विचारायला आली, तिच्या मागोमाग तिची जाऊ आली, मग जावेचा भाऊ. गोपाळराव दाढीवरून हात फिरवत सल्ले देत आणि आत वळून म्हणत, "अवं, जरा चहा टाक." ज्या वेळात प्रयागबाई पूर्वी स्वतःचा चहा पीत असे, त्या वेळात ती आता परक्या लोकांच्या कपबशा विसळू लागली. भीमाबाईसुद्धा कुंपणापाशी येऊन आता प्रयागबाईशी बोलायचं सोडून 'बाबा' म्हणत गोपाळरावांना वाकून नमस्कार करी.

एका सकाळी माणसं जास्त आणि दूध कमी, असं झालं. सगळे गेल्यावर प्रयागबाई व्हरांड्यात आली. कपबशांचा ट्रे तिनं दाणकन खाली ठेवला.

"मले सकाळचे दोन तास पायजे," ती म्हणाली.

"कशाले?"

"कशालेच नाही. मले त्या खुर्चीत एकटीनं बसायचं आहे. तुमी घरात नसताना. ब्रश म्हणून म्या घेऊ दिला नाही. तुमी कवडूकडे जात राहावं म्हणून. मसण्याउद आमच्या गावचा आहे, तुमचा तो विलायतचा त्याचा कोण लागते, मले काय माहीत? मले एवढं माहीत आहे का तो गालाले लावला तवा तुमचं तोंड नवरदेवासारखं झालं होतं. अन् तरी म्या घेऊ दिला नाही."

बोलून गेली आणि तिचं तिलाच रडू आलं. गोपाळराव दाढीत बोटं अडकवून नुसते बसले.

"हापिसात होतो तवा," ते शेवटी म्हणाले, "रोज दुपारी डबा उघडला का वाटे, ती घरी एकटी बसून असन. वाट पाहत असन. रिटायर झालो का तिच्यासोबत बसू."

हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. प्रयागबाईनं डोळे पुसले. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलंही, पण आता खोट्याचा तिला कंटाळा आला होता.

"पाहत होती नं वाट," ती म्हणाली. "पण संध्याकाळी."

गोपाळराव तिच्याकडे पाहत राहिले. मग पोट हलेपर्यंत हसले. हसताना दाढी हलत होती, आणि प्रयागबाईला प्रथमच ती दाढी वाईट दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा आरामखुर्ची रिकामी होती. सायकल जागेवर नव्हती. प्रयागबाईनं चहा केला, बशीत ओतला, पाय कठड्यावर टाकले. काही केलं नाही. भीमाबाई कुंपणापाशी आली आणि बाबा नाहीत म्हणून परत गेली, तिलाही तिनं थांबवलं नाही. दहा वाजले, बारा वाजले. दुपारी तिनं एकटीचं जेवण केलं, वरणात हवी तेवढी हळद घालून. चार वाजता पुन्हा खुर्चीत बसली, पण आता खुर्ची टोचू लागली. साडेपाचला तिनं उगाच अंगण झाडलं. दिवे लागायच्या वेळी ती फाटकाशी उभी होती.

गोपाळराव सायकलवरून उतरले. दाढी गायब. गाल तान्ह्या मुलासारखे. त्यांनी पिशवीतून लांबट डबी काढून तिच्या हातात दिली.

"कवडूकडेच ठेवीन म्हणतो," ते म्हणाले. "त्याचा वस्तरा, माझा ब्रश. आज त्यानं ह्याचाच फेस केला. दोन गाल अन् पाऊण तास. सारे नंबरवाले उठून पाहायले आले."

"एका ब्रशाले सारा दिवस लागला?"

"निवडाले लागला. वामनरावानं पुन्हा सारे काढून दाखवले. म्हणे, बाईसाहेबाले बी घेऊन यायचं होतं." गोपाळरावांनी सायकल भिंतीला टेकवली. "म्या सांगितलं, तिले दिवसा फुरसत नसते."