एकट्याने न हलणारी

मित्रांनो, माझे एक टोक आभाळाकडे गेले की दुसरे मातीला टेकते. दोन्हीकडची खबर एकाच वेळी ठेवणारी माझ्यासारखी दुसरी कुणी नसेल. मी सी-सॉची फळी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे.

फळी होण्याआधी मी झाड होते. तेव्हाचे फारसे आठवत नाही. डोळा लागला की वारा तेवढा आठवतो. सुताराने मला कापले, तेव्हा मी दाराला लांब आणि पलंगाला आखूड भरले. "ही ना घरची ना दारची," असे म्हणत त्याने मला बाजूला टाकले. मग इमारतीखालच्या अंगणात पोरांचा धुडगूस पाहून त्याला काय वाटले कोण जाणे! त्याने मला घासून गुळगुळीत केले, मधोमध लोखंडी दांडा बसवला, धरायला दोन कड्या ठोकल्या आणि निळा रंग दिला. रंग वाळायच्या आत कुणीतरी बसलेच. त्या चड्डीचे पुढे काय झाले, ते त्याच्या आईला विचारा.

ते दिवस कसे गेले, कळले नाही. माझ्यावर बसायला भांडणे होत. कुणी दोघे, कुणी चौघे. मी दिवसभर वरखाली व्हायचे आणि संध्याकाळी अंग ठणकायचे, पण त्या ठणक्यातही गोडी होती.

मग हळूहळू अंगण शांत झाले. मुले येत, पण मोबाइल घेऊन. माझ्या एका टोकावर बसत, मान खाली घालत आणि अंधार पडला की उठून जात. मी जागची हलत नसे. माझ्यावर शेवाळ धरले.

तरी दोघी रोज यायच्या. एक भिंगरी आणि दुसरी तिची मैत्रीण ठमी. ही त्यांची लाडाची नावे. भिंगरी घरात एका जागी ठरायची नाही, म्हणून आजोबांनी तिला ते नाव ठेवले होते. एकदा ती जिन्यावरून पळत उतरताना पडली आणि तिचा पाय मोडला. पायाला प्लास्टर चढले, आणि पोर कंटाळू नये म्हणून हातात टॅबलेट आला. पुढे प्लास्टर निघाले, टॅबलेट मात्र निघाला नाही.

ठमी खालून हाक मारायची, "येतेस का गं?"

"ही एक लेव्हल होऊ दे," खिडकीतून उत्तर यायचे.

ठमी माझ्या टोकावर बसून वाट बघायची. मीही बघायचे. एके दिवशी ती यायची थांबली.

डॉक्टर म्हणाले होते, पाय बरा झालाय, आता चालू दे. पण भिंगरीला भीती वाटायची. उठ म्हटले की ती म्हणायची, "दुखतं." मग तिच्या आजोबांनी एक युक्ती केली. त्यांचा सगळा जन्म बस चालवण्यात गेला होता. ते म्हणाले, "माझा गुडघा धरलाय बाई. मला खाली न्यायला कुणी आहे का?"

आजोबांना आधार देत भिंगरी उतरली. खरे तर कोण कुणाला आधार देत होते, ते मला खालूनही दिसत होते. टॅबलेट काखेत होताच. पण माझी कडी धरायला दोन्ही हात लागतात. तो बाकावर ठेवावा लागला.

भिंगरी माझ्या एका टोकावर बसली. समोर आजोबा बसले, पण जड म्हणून बरेच मध्यावर सरकून.

"आता वर न्या मला."

"मी कसा नेऊ? आज ड्रायव्हर तू. मी पॅसेंजर. दोन्ही पायांनी रेट जमिनीला."

तिने आधी बऱ्या पायानेच रेटले. मी जरा डुगडुगले आणि परत टेकले. मग तिने डोळे मिटून दुसरा पायही लावला. मी उचलली गेले! किती दिवसांनी वारा अंगाखालून गेला! क्षणभर वाटले, मला पुन्हा पाने फुटली आहेत.

वर गेल्यावर भिंगरीला कुंपणाच्या भिंतीपलीकडचे दिसले. पलीकडे एक लाल चेंडू हवेत उडाला होता. तोवर ती खाली आली. चेंडू कुणाचा, ते पाहायला तिने पुन्हा रेटले. आता एक हात दिसला. अजून जोरात रेटल्यावर दिसली ठमी. एकटीच भिंतीवर चेंडू आपटत होती.

"ठमे!"

ठमी फाटकातून आत आली, पण लांबच उभी राहिली. "झाली का तुझी लेव्हल?"

ठमीच पुढे म्हणाली, "सी-सॉवरनं उतरताना समोरच्याला सांगतात. तू न सांगताच उतरलीस. मी धाडकन आपटले."

"मला पडायची भीती वाटत होती," भिंगरी हळूच म्हणाली. "आणि तू माझ्यापेक्षा जोरात पळतेस. मी मागे राहिले तर?"

"वेडी आहेस का? इथं पळायचं कुठंय? इथं बसायचंय."

आजोबा लगेच म्हणाले, "सावकाश, पॅसेंजर उतरतोय!" त्यांनी मला हाताने धरून भिंगरीला अलगद खाली आणले. ठमी त्यांच्या जागी आली आणि मागे सरकून टोकावर बसली.

त्या संध्याकाळी दोघी फार बोलल्या नाहीत. एक वर जाई, एक खाली येई, आणि मधे मी. भिंगरी थोडी लंगडत, पण आपल्या पायांनी जिना चढून घरी गेली. टॅबलेट आजोबांना परत येऊन न्यावा लागला.

भिंगरी आजही टॅबलेट बघते, खोटे कशाला सांगू? पण ठमीची हाक आली की तो बाजूला ठेवते. तिचा मोडलेला पाय कुठला आणि धड कुठला, ते आता मलाही ओळखू येत नाही.

मित्रांनो, मला तेल घाला, माझे शेवाळ खरवडा, एखादा रंगाचा हात द्या. पण हे नाही जमले तरी चालेल. आधी खाली या. तुमचे पाय जमिनीला रेटायला केव्हाचे आतुर झाले असतील. सोबत कुणी नसेल, तर माझ्या टोकावर बसा आणि जोरात हाक मारा. पलीकडच्या भिंतीआड कुणीतरी एकटेच चेंडू आपटत असेल.