उभ्या पिकाच्या कडेनं

पहिली गोळी घनश्यामभाऊ कापगतेंनी आभाळात मारली, दुसरी भिंतीत, आणि तिसरी मारायच्या आत स्वतःच मेले.

"मोठेबाबा, बंदूक समोर धरा ना! पाखरं हाकलून राहिले काय तुमी?" पुतणी खुशबूनं त्यांच्या हातातला मोबाइल सरळ केला.

"कोणं मारलं मले?"

"मागून मारलं."

"मागून कोणी मारते काय बाप्पा? समोर ये म्हणा त्याले."

"कसं म्हणू? थो असन कुठी बिहारात, खाटेवर लोटून."

दोघं तलावाच्या उंच मातीच्या पारीवर, मोहाच्या झाडाखाली बसले होते. एकोडी गावात मोबाइलला धड रेंज मिळते ती इथेच, आणि लोकांची नजर कमी पडते तीही इथेच. घरून निघताना घनश्यामभाऊ "पाणी पाहून येतो" असं सांगत. भरलेल्या तलावाचं पाणी पाहायला अख्खी दुपार लागत नाही हे न कळण्याइतकी त्यांची बायको रुखमिणी भोळी नव्हती. पण नवरा कशात तरी गुंतलाय आणि घरात फणफणत नाही, एवढं तिनं जमेत धरलं होतं.

चोरून खेळायला कारण होतं. मोबाइलच्या खेळांवर गावात बंदी आणा, असा ठराव ग्रामसभेत ज्यांनी मांडला ते हेच घनश्याम कापगते. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाळ्या वाजवायला म्हणून निम्म्या पोरांनी मोबाइल तेवढा वेळ मांडीवर ठेवले होते. भुपेंद्रनं, म्हणजे घनश्यामभाऊंच्या एकुलत्या एका मुलानं, तेवढीही तसदी घेतली नव्हती.

तो घर सोडून गेला त्याला यंदाच्या धानाच्या रोवण्यात वर्ष झालं. त्या दिवशी शेतातल्या बांधीत तलावाचं पाणी घ्यायचं होतं आणि पोराला पाण्याच्या तोंडाशी उभं केलं होतं. पोरगा उभा होता, लक्ष मोबाइलमध्ये होतं. पाणी चढत गेलं, दोन बांध्यांमधला धुरा फुटला आणि सकाळीच रोवलेला रोपांचा परा शेजारच्या टेकचंदच्या बांधीत वाहून गेला. घनश्यामभाऊंनी रोवणाऱ्या बायांसमोर पोराच्या हातून मोबाइल ओढला आणि अंगठ्यानं दाबून चिखलात रोवला, परा रोवतात तसा. बाया हसल्या. मार खाऊन पोरगा गेला नसता. तो त्या हसण्यानं गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं हैदराबादची गाडी धरली आणि तिथे कुठल्याशा कंपनीत लागला.

तेव्हापासून तो आईशी फोनवर बोलतो, बापाशी नाही. बापाकडे त्याचा नंबर आहे. पण फोन लावायचा म्हणजे पहिला शब्द आपण टाकायचा, आणि पहिला शब्द लहानानं टाकावा असा घनश्यामभाऊंचा हिशोब. मुलगा त्यांचाच असल्यामुळे त्याचाही हिशोब तितकाच पक्का. एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याची पहिल्याच्या, असं करत वर्ष गेलं.

मग एक दिवस खुशबू सहज बोलून गेली, "दादा रोज दुपारी खेळते. त्याच्या नावापुढं हिरवा दिवा लागते."

"दिवा लागते म्हणजे?"

"म्हणजे जागा हाय, आन् खेळून राहिला."

घनश्यामभाऊंनी गाईपुढे टाकायचा पेंढा तसाच हातात धरला. "दाखव," म्हणाले.

शेंगदाण्याएवढा हिरवा ठिपका होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. चार दिवसांत त्या ठिपक्यावरून ते पोराचा दिनक्रम ओळखू लागले. दुपारी लागला म्हणजे रातपाळी. लागून लगेच विझला म्हणजे डोळा लागला. दिवसभर लागलाच नाही तेव्हा त्यांनी रुखमिणीला मुद्दाम विचारलं, "तिकडं पाऊस-पाणी बरं हाय ना? फोन करून पाय त्याले." तिनं फोन केला; पोराला जादा काम लागलं होतं. पण नुसत्या दिव्यानं माणसाचं किती दिवस भागणार? दिवा दिसला की माणसाला घरात डोकावावंसं वाटतंच.

खुशबूनं आधी त्यांचे अंगठे मोकळे करायला दुसरे खेळ दिले. त्यात रंगीत गोळ्या जुळवण्याचा एक होता. एका रंगाच्या तीन जवळ आल्या की फुटतात. घनश्यामभाऊंना तो खेळ फार ओळखीचा वाटला. "आपल्या भावकीवर बनवला वाटते," म्हणाले. शेतीच्या खेळावर ते चिडलेच. त्यात पेरलेलं डोळ्यांदेखत पिकत होतं, रानडुक्कर येत नव्हतं, आणि पीक झालं तरी ते कापेपर्यंत हसत उभं राहत होतं. "एक दाणा झडत नाई? हा ज्यानं बनवला त्यानं धान ताटातच पाह्यलं असन." बस चालवायचा खेळ बरा होता, पण सुट्या पैशांवरून कोणी भांडत नव्हतं, बायाबापड्या खिडकीतून पिशवी टाकून जागा धरत नव्हत्या. रिकामपण फार होतं त्या बसमध्ये. तोही बंद केला.

बंदुकीचा खेळ मात्र त्यांना पटला, आणि पटला याचंच त्यांना वाईट वाटलं. विमानातून रिकाम्या हातानं उतरायचं, दुसऱ्याच्या सोडलेल्या घरात जे सापडेल ते उचलायचं, आणि जगायची जागा चहूबाजूंनी लहान लहान होत जाते. वैशाखात तलाव आटतो आणि सगळ्या मासोळ्या मधल्या डबक्यात गोळा होतात, वर बगळे उभे. "पोट्टे दिवसभर हेच पाहून राहिले काय वो?" त्यांनी खुशबूला विचारलं. तिला त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

तिनं त्यांना नाव दिलं, ब्लॅक कोब्रा.

"साप काहून?"

"मंग काय घनश्याम कापगते टाकू? दादा पयल्या दिवशीच पळून जाईन."

त्या नावानं आधी ती स्वतः खेळली, चांगली खेळली, आणि भुपेंद्रच्या चौघांच्या टोळीत एकाची जागा रिकामी झाली तेव्हा ब्लॅक कोब्राला बोलावणं आलं. मग तिनं मोठेबाबांचा मोबाइल परत त्यांच्या हाती दिला आणि बजावलं, "माइक बंद ठेवा. तुमचा खोकला त्याले पाठ हाय."

अशा रीतीनं बाप मुलाच्या टोळीत गेला. मुलाचा आवाज कानाशी ऐकू येऊ लागला. वर्षभरात आवाज जाड झाला होता. टोळीतली बाकी दोन पोरं हिंदी बोलणारी, तोही त्यांच्यासंगे हिंदीच बोले. "कोब्रा, पीछे देख! अबे, सो गया क्या?" बापाला 'अबे' म्हणणारा मुलगा घनश्यामभाऊंनी निमूट ऐकून घेतला. एवढं ऐकून घ्यायची सवय त्यांना आधी असती तर, असं रुखमिणी म्हणाली असती. पण ती तिथे नव्हती.

"पहले तो अच्छा खेलता था," टोळीतला एक म्हणाला. "अब अंकल हो गया." तेव्हापासून ते तिथे अंकल झाले.

खरी अडचण पिकाची होती. खेळात घरं होती, टेकड्या होत्या आणि मधोमध पिवळी, कमरेएवढी शेतं होती. शत्रू जवळ आला की सगळे शेतात घुसून आडवे होत. घनश्यामभाऊ शेताच्या कडेला येत आणि कडेकडेनं फिरून जात. उघड्यावर. आणि मरत.

"पिकातून जा ना, मोठेबाबा!"

"उभ्या पिकात पाय कोण टाकते?"

"खोटं पीक हाय ते!"

"मालूम हाय मले."

मालूम होतं, तरी अंगठा वळत नव्हता. एकदा त्यांनी ठरवून, डोळे मिटून, खेळातल्या आपल्या बाहुल्याला शेतात घातलं. मग वाकलेली ताटं पाहून त्याला परत बाहेर काढलं. बाहेर येताच तो मेला. खुशबूनं कपाळावर हात मारला.

धान गर्भात आलं, लोंबी फुटायला आली, आणि खुशबूची कॉलेजची परीक्षा सुरू झाली. त्या दुपारी घनश्यामभाऊ पारीवर एकटेच होते. वारा पडलेला, तलावाचं पाणी शिसं ओतल्यासारखं. चौघं त्याच पिवळ्या शेताशी उतरले. तिघं आत घुसून आडवे झाले. हे कडेनं निघाले.

"देखो, अंकल फिर किनारे-किनारे!" दोघं खो-खो हसले. भुपेंद्र हसला नाही. इतके दिवस तोही हसायचा.

थोड्या वेळानं त्याचा आवाज आला. हिंदी नव्हती.

"कोब्रा, पिकातून चल ना. धुऱ्यानं काहून चालून राहिला बे?"

घनश्यामभाऊ थांबले. बाहुलाही थांबला.

"कोण्या गावचा हायस तू?"

तिकडे पंखा फिरत असावा, त्याची घरघर तेवढी येत होती.

"क्या बोल रहा है, भूपी?" एकानं विचारलं. भुपेंद्र पुन्हा बोलला तेव्हा आवाज खाली आला होता.

"धान गर्भात आलं काय?"

घनश्यामभाऊंनी माइक शोधला. पडद्यावर बंदूक होती, बॉम्ब होता, पिशवी होती, उडी होती. माइक कुठल्या कोपऱ्यात असतो हे खुशबूनं मुद्दामच दाखवलं नव्हतं. "हो रे, आलं," ते मोबाइलला म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, पारीवर चरणारी म्हैस मान वळवून पाहू लागली. तिकडे काहीच गेलं नाही. शेवटी त्यांनी जे येत होतं ते केलं. बाहुल्याला खाली बसवलं, उठवलं. पुन्हा बसवलं, उठवलं.

शेतात हालचाल झाली. भुपेंद्रचा बाहुला उठून उभा राहिला. आला त्याच वाटेनं मागे गेला, पीक संपलं तिथे बाहेर पडला आणि कडेकडेनं चालत यांच्यापुढे येऊन लागला.

"पागल हो गया क्या? बाहर मत जा!" टोळी ओरडत होती.

पुढे मुलगा, मागे बाप, असे ते चालले. धुऱ्यावरून दोघांना जोडीनं चालता येत नाही. तिथे धुरा नव्हता, हवी तेवढी रुंद जागा होती, तरी ते एकामागे एक चालले.

टेकडीवरून गोळी आली. पुढचा कोसळला. या खेळात पडलेला लगेच मरत नाही. सोबत्यानं शेजारी बसून हात दिला तर उठतो, पण त्याला वेळ लागतो, आणि उघड्यावर कधीच बसायचं नाही हे खुशबूनं दहादा शिकवलं होतं. घनश्यामभाऊंच्या डाव्या हाताला दाट पीक होतं. ते खाली बसले. हात दिला. पडद्यावरचं वर्तुळ हळूहळू भरू लागलं. अर्धं भरलं. अर्ध्याच्या थोडं पुढे गेलं.

मग त्यांचाही पडदा काळा झाला.

नावांच्या यादीत हिरवा दिवा अजून होता. तो बराच वेळ होता. मग विझला.

घरी आल्यावर त्यांनी गाईला पाणी दाखवलं, जेवले. रुखमिणीनं विचारलं, "कायले इतके गप?" ते म्हणाले, "काई नाई, पोराचा आवाज जाड झाला हाय." ते तुमाले कसं कळलं, हे तिनं विचारलं नाही. भात वाढला.

दुसऱ्या दिवशी खुशबूचा पेपर लवकर सुटला. ती पारीवर आली तेव्हा घनश्यामभाऊ यादी वरखाली सरकवत होते.

"भुप्याचं नाव दिसत नाई वो."

"दिवा नसन लागला."

"नावच नाई."

तिनं मोबाइल घेतला. मग स्वतःचा काढून पाहिला. नाव घालून शोधलं, नंबर घालून शोधलं. हळूहळू तिच्या तोंडावर हसू आलं.

"मोठेबाबा, आयडीच मिटवला दादानं. माह्याकडूनबी गेला. गेमच सोडला त्यानं!"

"म्हणजे?"

"म्हणजे आता नाई खेळत थो. कवाच नाई." मग म्हणाली, "तुमाले तं हेच पायजे होतं ना?"

घनश्यामभाऊ यादीतल्या त्या जागेकडे पाहत राहिले. तिथे आता खालचं नाव वर सरकलं होतं, कोण्या विक्कीचं. रातपाळी की दिवसपाळी, जागा की झोपलेला, आजपासून काही कळायचं नव्हतं. त्यांनी खेळ बंद केला. मोबाइल जरा लांब धरून, डोळे बारीक करून, नंबरांची यादी उघडली आणि 'भुपेंद्र'वर अंगठा ठेवला.

खुशबूचं हसू गेलं. "दादाले? तुमी लावून राहिले? काय म्हणान त्याले?"

"खेळ म्हणीन."

तिनं स्पीकर लावायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवली, फोन कानाशी धरला आणि पारीवरून चार पावलं दूर गेले. घंटी जात होती.