घोडीवर फुकट आलेला चाबूक

मी चाबूक बोलतोय. दचकू नका. हल्ली मी बोलतो, जुनं काम सुटलंय.

माझी मूठ वेताची, अंग तीन पदरी चामड्याचं आणि टोकाला वीतभर वादी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका म्हाताऱ्याने मला विणलं. वीण नीट बसली का, हे बघायला तो मला स्वतःच्या मांडीवर हलकेच मारायचा आणि स्वतःच "आई गं!" म्हणायचा. स्वतःला लागलं की माणूस लगेच ओरडतो, एवढं ज्ञान मला जन्मतःच मिळालं.

त्याच बाजारात पनवेलहून महादेवशेठ आले होते. वडिलांची मिठागरं होती, ती जमीन प्रकल्पात गेली आणि तिच्या मोबदल्यातून गावात दोन मजली बंगला उभा राहिला. त्याच्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. दारात दोन गाड्या होत्या, पण गाडी काही शेपूट हलवत नाही. शेठना घोडी हवी होती. गावातल्या प्रत्येक नवरदेवाने आपल्याच घोडीवर बसावं, अशी त्यांची हौस. पांढरीशुभ्र शेवंती त्यांनी पसंत केली आणि सौदा ठरल्यावर व्यापाऱ्याने मला उचलून त्यांच्या हातात दिलं. "हा घ्या. घोडीवर फुकट."

फुकट! तो सल मी अजून बाळगून आहे.

बंगल्यामागच्या तबेल्याच्या दाराशी, लिंबू-मिरचीच्या शेजारी, मला खिळ्याला टांगलं. लिंबू-मिरची दर शनिवारी बदलायची. मी मात्र कायम होतो, त्यामुळे साहजिकच मला वाटायला लागलं की तबेला माझ्याच जिवावर चाललाय. शेठ मला हवेत कडाडवायचे आणि शेवंती मुकाट चालायची. "जनावराला धाक पायजे," असं शेठ येईल त्याला सांगायचे आणि मी खिळ्यावर ऐटीत डुलायचो. ती चालायची ती चणे देणाऱ्या हाताकडे बघून, हे मला फार उशिरा कळलं.

मग शेठच्या मुलाचं, प्रणितचं लग्न ठरलं. नवरी कोमल, उरणच्या मोऱ्याची. तिच्या वडिलांची स्वतःची होडी. मे महिन्यात वरात मोऱ्याला गेली आणि तिथे शेठनी एक चूक केली. डीजेचा ट्रक, नवरदेव आणि स्वतः शेठ असे तिघेही व्हिडिओच्या एकाच चौकटीत यावेत, म्हणून त्यांनी शेवंतीला ट्रकच्या अगदी पाठीला नेऊन उभी केली. माणसाएवढे ते स्पीकर! पहिला ठोका पडला तसा माझ्या मुठीतला वेतही हादरला. शेवंती मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि आमचा नवरदेव शेपटाच्या बाजूने घरंगळत रस्त्याकडेला सुकत घातलेल्या जवळ्यावर जाऊन बसला. जीव वाचला, पण शेरवानीचा वास काही गेला नाही.

लोक हसले. लोक हसले नसते तर कदाचित पुढचं घडलं नसतं. शेठनी सगळ्यांदेखत मला तीनदा तिच्या पाठीवर ओढलं. आवाज सगळ्यांनी ऐकला. तिच्या कातडीखालची थरथर तेवढी मला एकट्याला कळली. मांडवाच्या दारात मुंडावळ्या बांधून उभ्या असलेल्या नवरीने हे पाहिलं. सासऱ्याचं त्या दिवशी तिला घडलेलं पहिलं दर्शन हे असं, हातात मी असतानाचं.

त्या दिवसापासून शेवंती बदलली. दोर घेऊन कुणी आलं की कोपऱ्यात तोंड घालून उभी राहायची. मला खिळ्यावरून काढलं तर नुसत्या आवाजाने तिच्या अंगावर शहारे यायचे. गावातल्या चार बायका चार ठिकाणी बोलल्या, "नवरीचा पायगुण." घोडीला लागलेला मार असा फिरून नव्या सुनेच्या माथी आला.

दसऱ्याला शेठनी हत्यारांसोबत माझीही पूजा मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. तसंच घोडीलाही ओवाळावं म्हणून ते आरतीच्या ताटासकट मला घेऊन तबेल्यात गेले. त्या दिवशीइतका देखणा मी आयुष्यात कधी दिसलो नव्हतो. शेवंतीने मला पाहिलं, दावं तोडलं, ताट उडवलं आणि शेठचा पांढरा झब्बा हळदीने माखून टाकला.

"बस झाला!" शेठ गरजले. "माघात आपल्या भावेशचं लगीन हाय. त्याच्या वरातीत नीट चालली तर ठीक, नायतर दुसऱ्या दिवशी तो अलिबागचा गाडीवाला येऊन हिला नेल. वाळूत गाडी ओढल, मंग कलल तिला."

भावेश म्हणजे शेठचा पुतण्या. आणि गाडीवाला खराच होता, त्याचे फोन येत असत.

शेठ झब्बा झटकत असताना कोमल पुढे आली. "बाबा, तवर घोडीकडं मी बगू का? आन् हा चाबूक मना द्या."

शेठ खूश झाले. सून हातात चाबूक मागते म्हटल्यावर त्यांना ती आपल्या वळणाची वाटली. मीही खूश झालो. आता कोळ्याच्या लेकीच्या हातचा फटका कसा असतो ते बघू, असं मी मनात म्हटलं.

आणि त्या बाईने काय केलं? तबेल्यापुढच्या कुंपणात पाट टाकला, घोडीकडे पाठ करून बसली, मला शेजारी मातीत ठेवलं आणि भाजी निवडायला लागली! थंडी पडली तशी मटाराच्या शेंगा सोलायला लागली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज सकाळी तासभर. घोडीकडे बघणं नाही, बोलावणं नाही. माझ्या अंगावरून मुंग्यांची वाहतूक सुरू झाली. पूजेतला मी, असा मातीमोल झालो.

प्रणित एकदा मोबाइल घेऊन आला. टोपी घातलेला कुणी परदेशी माणूस त्यात घोड्यांना शिकवत होता. "बघ, हा एक्सपर्ट आहे. चाळीस मिनिटांत घोडा तयार!"

"त्याला घाई असल," कोमल म्हणाली. "आमचा बाबा सांगतो, जालं टाकल्यावर पाणी ढवलायचं नाय."

दहा पावलांवर थांबणारी शेवंती आठवड्याने आठ पावलांवर आली. मग पाच. एके सकाळी कोमलच्या मानेवर ऊन ऊन श्वास पडला. ती हलली नाही, फक्त हातातली शेंग तळव्यावर ठेवून हात मागे धरला. शेंग गेली. त्यानंतर मटार कमी आणि टरफलंही कमी, असा प्रकार सुरू झाला. सासूबाई रोज विचारायच्या, "किलोभर शेंगांत वाटीभरच दाने कसं गं?"

दोराचंही तसंच. कोमल दोर हलका ताणायची आणि घोडीने एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी सैल सोडायची. होडी किनाऱ्याला घेताना म्हणे असंच करतात. हिसका दिला तर होडी आपटते. ती सगळा वेळ घोडीच्या कानांकडे बघायची. कान मागे गेले की थांबायची, पुढे आले की पुढे जायची. शेवंतीचे कान बोलतात, हे मला तेव्हा समजलं. इतकी वर्षं मीच बोलत होतो ना, ऐकणार कधी?

मग माझी पाळी आली. कोमलने मला उचलताच शेवंती कुंपणाच्या टोकाला पळाली. कोमल तिच्या मागे गेली नाही. ती उलट दिशेला चालू लागली, मला शेपटासारखं मातीतून ओढत. शेवंतीने कान टवकारले. आपल्याला मारणारा हा प्राणी आज पळतोय की काय, असं तिला वाटलं असावं. ती एक पाऊल आली, दोन आली आणि चक्क माझ्या मागे लागली! सारंगखेड्याच्या म्हाताऱ्याने हे पाहिलं असतं तर पुन्हा मांडीवर मारून खात्री करून घेतली असती. चार दिवस ती घोडी माझा पाठलाग करत होती. पाचव्या दिवशी तिने मला हुंगलं, नाकाने ढकललं आणि माझी वादी चावून पाहिली.

आणि मग एका सकाळी कोमलने माझी मूठ हळूच शेवंतीच्या मानेच्या बुडाशी टेकवली. घोड्याला जिथे स्वतःचं तोंड पोचत नाही, तिथे. ती मला खाजवल्यासारखं फिरवू लागली. शेवंतीने मान खाली घातली, वरचा ओठ लांब काढून वेड्यासारखा हलवला आणि डोळे मिटले. आजवर मी या अंगाला शिवलो होतो तो तीनदाच, तेही क्षणभर. ते इतकं ऊबदार आहे, हे मला माहीतच नव्हतं. मला माझी फार लाज वाटली.

शेठ हे सगळं गच्चीवरून बघत. हातात वर्तमानपत्र असायचं, पण पान उलटताना मी कधी पाहिलं नाही. एका दुपारी घरात कुणी नसताना ते चोरपावलांनी कुंपणात आले, पाटावर बसले, घोडीकडे पाठ केली आणि मटार सोलायला लागले. निम्मे दाणे मातीत. शेवंती बराच वेळ लांब उभी राहिली. मग आली आणि त्यांच्या टकलावर नाक ठेवून उभी राहिली. शेठ रडले. अगदी नाक वर ओढून रडले. त्यानंतर टोपी घालून बाहेर गेले आणि कुणाला काही बोलले नाहीत. मीही आजवर बोललो नव्हतो.

माघात भावेशची वरात निघाली. दुपारचे चार वाजले होते. कोमलने छोटा स्पीकर लांब ठेवून, रोज थोडा जवळ आणून घोडीला गाण्यांची सवय केली होती. पण तो स्पीकर डब्याएवढा आणि हा ट्रक घराएवढा. शिवाय वरातीत लगाम शेठच्या हातात, कोमल मागे करवल्यांच्या घोळक्यात. आणि सवयीने शेठनी मला काखेत मारलेलं.

शेवंती नाक्यापर्यंत छान चालली. तिथे कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि त्याच वेळी डीजेवाल्याने आवाज वाढवला. शेवंती थबकली आणि मागे सरू लागली. वर भावेशने जिवाच्या आकांताने आयाळ धरली.

"शेठ, द्या एक!" गर्दीतून कुणी ओरडलं. "चाबूक काय दाखवाय आनलाय?"

लोक हसले आणि शेठचा हात वर गेला.

आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नाही. शेवंतीने मला वर पाहिलं. तिचा एक कान माझ्याकडे होता आणि तो कान विचारत होता, तू कोण, मोऱ्याचा की मटारांमधला? ते ठरणार होतं शेठच्या हातावर. चाबकाला स्वतःचा हात नसतो.

शेठचा हात वरच थांबला. मग सावकाश खाली आला. माझी मूठ शेवंतीच्या मानेच्या बुडाशी टेकली आणि अडखळत फिरू लागली. शेठना नीट जमत नव्हतं, पण जागा बरोबर होती.

"गाना बंद कर!" शेठ ओरडले.

डीजेवाल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "शेठ, वरात हाय, मयत नाय!"

"माजी घोडी भ्यायलीय. बंद कर!"

गाणं बंद झालं. आमच्या गावात वरातीत डीजे थांबल्याचं कुणाला आठवत नाही. तेवढ्यात मागून एक म्हातारा आवाज आला. लग्नाची जुनी गाणी म्हणणारी धवलारीण हौसाबाई. मान म्हणून तिला बोलावलं होतं, पण डीजेपुढे तिची पाळीच आली नव्हती. तिने धवला धरला, बायकांनी ओढला. शेवंतीने मान खाली घातली, ओठ चाटले, लांब श्वास सोडला आणि पाऊल टाकलं. शेठनी लगाम सैल सोडला. पुढचा सगळा रस्ता वरात टापांच्या आणि धवल्यांच्या आवाजात गेली. कोमल मागे गाता गाता रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवाला टेम्पो घेऊन हजर. शेठनी त्याला चहा पाजला. "घोडी नाय द्यायची," ते म्हणाले. मग इतक्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. "हा न्या. आमाला आता नको. फुकट न्या."

पुन्हा फुकट! गाडीवाल्याने हात पुढेही केला. त्याच्या वाळूतल्या घोड्यांच्या पाठी मला तिथूनच दिसल्या.

कोमल मटाराची पाटी कमरेला लावून बाहेर आली. "नको बाबा," ती म्हणाली. "त्याला ठेवा. शेवंतीची पाठ कोन खाजवल?"

तर असा मी इथे आहे. माझी वादी आणि बरंचसं अंग कोमलने कापलं, त्याने आता कुंपणाचं फाटक बांधलंय. उरली मूठ आणि वीतभर अंग. खिळा तोच, शेजारी लिंबू-मिरचीही तीच, दर शनिवारी नवी. तुमच्याही घरात खिळ्याला एखादा चाबूक असेल, किंवा जिभेच्या टोकाला असेल. एकदा त्याला खाली ठेवा, पाठ करून बसा आणि मटार सोला. दाणे थोडे कमी पडतील, तेवढं चालवून घ्या.

आता बोलणं पुरे. ऊन कुंपणात आलंय, शेठ टोपी काढून माझ्याकडे येताहेत आणि फाटकापाशी शेवंती मान खाली घालून माझी वाट बघत उभी आहे.