शोकप्रसंगासाठी सतराचा पाढा

मनीषा कारखानीस लंडनमधल्या क्रॉयडनमध्ये राहतात आणि एकवीस वर्षं मराठी-इंग्रजी दुभाष्याचं काम करतात. कोर्टात, हॉस्पिटलमध्ये, कौन्सिलमध्ये समोरचा माणूस जे बोलेल ते, जसं बोलेल तसं, त्या इंग्रजीत सांगतात. साक्षीदार खोटं बोलला तर त्या ते खोटंच सांगतात. त्याने शिवी दिली तर तीही देतात, आवाज न चढवता.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला त्यांच्याकडे तीन मिनिटांची एक क्लिप आली. सोबतच्या कागदावर भाषा तेलुगू अशी लिहिली होती. खाली भाषांतर कंपनीने शेरा मारला होता: ‘आमच्या तेलुगू भाषांतरकाराने परत पाठवली. त्यांच्या मते ही तेलुगू नाही, मराठी असावी. सबटायटल्स संध्याकाळी पाचपर्यंत हवीत.’

क्लिपमध्ये नदीकाठी पांढऱ्या साडीतली एक बाई बसली होती. मागे चिता जळत होती. बाईने तोंड वर केलं तेव्हा मनीषाबाईंनी ओळखलं. ती मधुमती वैरागडे होती, नागपूरची. अकरा वर्षं, चौतीस चित्रपट, तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम आणि हिंदी. मराठी एकही नाही.

मधुमतीने चितेकडे पाहिलं. ओठ थरथरले. ती म्हणाली, “सतरा एके सतरा.”

मनीषाबाईंनी क्लिप थांबवली, हेडफोन नीट लावले आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

“सतरा दुणे चौतीस,” मधुमती म्हणाली, आणि तिच्या गालावरून पहिला अश्रू ओघळला. सतरा त्रिकला तिने कपाळ बडवून घेतलं. सतरा पाचेला ती चितेच्या दिशेने धावली आणि दोन बायकांनी तिला धरलं. सतरा आठेला ती एकदम गप्प झाली. चार सेकंद नदी, धूर आणि तिचे डोळे, एवढंच. मग अगदी खालच्या आवाजात ती म्हणाली, “सत्तावीसासे.” म्हणजे एकशे सत्तावीस.

मनीषाबाईंच्या मागे पूर्वी नावाची त्यांची मुलगी टोस्ट खात उभी होती. ती क्रॉयडनमध्येच जन्मली आणि युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे.

“आई, हा बाई मॅथ्स करून रडतोय?”

“हो.”

“सेम.”

यात चमत्कारिक काही नव्हतं, सोय होती. आपल्याकडे कित्येक चित्रपटांत आवाज नंतर भरतात, आणि ज्या नटीला भाषा येत नाही तिच्यासाठी दुसरीच बाई बोलते. शूटिंगच्या वेळी नटीचे ओठ हलले म्हणजे झालं. बऱ्याच जणी एक, दोन, तीन म्हणतात. सेटवरचा हा कच्चा आवाज डबिंग संपलं की कोणी ऐकत नाही. मधुमतीला एका भूमिकेसाठी पाहणाऱ्या लंडनच्या कास्टिंग कंपनीने मात्र कळवलं होतं की डब केलेलं काही पाठवू नका, अभिनेत्रीचा स्वतःचा आवाज हवा. तिच्या मॅनेजरने हैदराबादहून तो कच्चा आवाज मागवला आणि न ऐकताच पुढे पाठवला.

शंका असल्यास संपर्क म्हणून त्याच मॅनेजरचा नंबर दिला होता. अपूर्व वैरागडे, वय सत्तावीस, मधुमतीचा चुलतभाऊ. मनीषाबाईंनी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन केला आणि काय ऐकू आलं ते सांगितलं.



“म्हणजे... पाढा?”

“सतराचा. आठपर्यंत.”

“अहो काकू, मग तुम्ही खरे डायलॉग टाका ना! मी आत्ता पाठवतो. ‘हे नाथ, तुमच्याविना ही नदी कोरडी...’ फार सुंदर आहेत.”

“काकू नाही. आणि ते डायलॉग या क्लिपमध्ये कोणी बोललेलं नाही.”

“इथे कोणाला कळणारे?”

“मला कळलंय. सबटायटल्सखाली माझं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर जातो.”

“बरं. बरं. निदान ते सतरा आठे तरी बरोबर करा! एकशे सत्तावीस नाही हो, एकशे छत्तीस होतात. निदान चुकीचा पाढा तरी नको जायला.”

“साक्षीदार चुकला तर मी त्याचं गणित सुधारत नाही,” मनीषाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सव्वाएकला दारावरची बेल वाजली. लांब कोट, कानटोपी, थंडीने लाल झालेलं नाक. मधुमती वॉटफर्डला मावशीकडे उतरली होती. तिथून पत्ता काढून, ट्रेन बदलत एकटीच आली होती.

“ताई, तुम्ही खोटं लिहावं हे सांगायला आलेय,” ती दारातच म्हणाली. “सव्वा तास ट्रेनमध्ये दुसरं काही सुचतंय का बघितलं. नाही सुचलं.”

“आत या. चहा देते. खोटं लिहिणार नाही.”

“चहा चालेल.”

स्वयंपाकघरात बसून तिने सगळं सांगितलं. पहिल्या तेलुगू चित्रपटात दिग्दर्शक म्हणाला, आकडे म्हणा. तिने ते म्हटले, पण एक ते दहा म्हणताना रडूच येईना. मग तिने पाढे सुरू केले. पाढ्याला चढउतार असतो, प्रत्येक ओळ वाक्यासारखी संपते. तिची आई शाळेत शिक्षिका, तीसपर्यंत सगळे पाठ.

“तेराचा प्रेमासाठी. छोटा आहे, लाजता येतं. एकोणतीसचा व्हिलनला धमकी द्यायला. आणि मयत असली की सतराचा.”

“का?”

“तो लहानपणी मला कधीच नीट आला नाही. आपोआप डोळ्यांत पाणी येतं.”

“आणि ती आठेनंतरची शांतता?”

“विसरले होते.” मधुमतीने बिस्कीट चहात बुडवलं. “त्या चार सेकंदांवर एका पेपरने अर्धं पान लिहिलं, ताई. शब्दांच्या पलीकडचं दुःख म्हणून. मी सतरात सतरा मिळवत होते.”

मनीषाबाई हसल्या नाहीत, पण त्यांना कप खाली ठेवावा लागला.

“दुसरी क्लिप पाठवा. या चौतीस चित्रपटांत एखादं तरी वाक्य तुमच्या आवाजात असेल.”

मधुमतीने नकारार्थी मान हलवली. “तेलुगूत एक उल्का म्हणून मुलगी बोलते माझ्यासाठी. तमिळमध्ये दोघी आहेत. हिंदीतसुद्धा दुसरीच, कारण माझं हिंदी नागपूरचं. लोक रस्त्यात ओळखतात, मी बोलले की तोंड पडतं त्यांचं. मागे एकाने सांगितलं, मॅडम, तुमचा घसा बसलाय वाटतं.” ती जरा थांबली. “ही भूमिका माझ्या आवाजाची आहे. वॉटफर्डमधल्या औषधांच्या दुकानाची मालकीण. सहा भागांची मालिका. उच्चार आहे तसाच ठेवा म्हणतात. असं मला आजवर कोणी म्हटलं नाही. आणि त्यांच्यापर्यंत पोचणार काय, तर पाढा.”

पूर्वी जिन्यावरून ऐकत होती. तिने तिथूनच विचारलं, “पण ते तुझा आवाजच आहे ना?”

मनीषाबाईंनी चार पन्नासला सबटायटल्स पाठवली. त्यात सतरा एके सतरापासून सतरा आठे एकशे सत्तावीसपर्यंत सगळं होतं. चार सेकंदांच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, शांतता.

गुरुवारी अकरा वाजता लंडनच्या कचेरीत ज्युडिथ मार्लो नावाच्या कास्टिंग डायरेक्टर टेबलापलीकडे बसल्या होत्या. वय साठच्या आसपास, चष्मा केसांत खोचलेला. मधुमती आणि अपूर्व समोर. अपूर्वने रात्रभर तयारी केली होती.

“मी क्लिप तीनदा पाहिली,” ज्युडिथ म्हणाल्या. “ती पाढे का म्हणते?”

“तिचा नवरा गणिताचा शिक्षक असतो,” अपूर्व तात्काळ म्हणाला. “गरीब. प्रामाणिक. त्याने तिला पाढे शिकवलेले असतात.”

“अच्छा. आणि शेवटचा आकडा चुकतो. मी फोनवर गुणून पाहिलं.”

“दुःखामुळे! तोच तर सीनचा आत्मा आहे. दिग्दर्शकाने त्यावर तीन महिने काम केलं.”

“विलक्षण आहे. मला पूर्ण चित्रपट पाहायचाय. त्या नवऱ्याचे वर्गातले प्रसंग असतील ना?”

अपूर्वने मधुमतीकडे पाहिलं. चित्रपटातला नवरा वाळूमाफिया होता आणि पहिल्या दहा मिनिटांत हेलिकॉप्टरमधून पडला होता.

“तो गणिताचा शिक्षक नव्हता,” मधुमती म्हणाली.

“ताई,” अपूर्व मराठीत पुटपुटला, “गप्प बस ना गं, चाललंय छान.”

“आणि चूक मुद्दाम केलेली नाही. मी विसरले.” मग तिने इंग्रजीत, मध्ये मध्ये शब्द शोधत, सगळं सांगितलं. आकडे, पाढे, उल्का, तमिळमधल्या दोघी. अपूर्व टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत राहिला.

ज्युडिथनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला.

“आमच्याकडे नाटकात गर्दीला बोलल्यासारखं करायचं असलं की लोक एका भाजीचं नाव घेत राहतात. रूबार्ब, रूबार्ब,” त्या म्हणाल्या. “पण त्यावर कोणी रडलेलं मला आठवत नाही. हे पान वाचा.”

पानावर आठ ओळी होत्या. दुकानाची मालकीण एका म्हाताऱ्याला औषध द्यायला नकार देते. कॅमेरा सुरू झाला. मधुमती उभी राहिली आणि काहीच बोलली नाही.

पाच सेकंद गेले. दहा गेले. ज्युडिथ थांबल्या.

अपूर्वच्या लक्षात आलं. अकरा वर्षं कॅमेऱ्याच्या मागून कोणीतरी आधी ओळ ओरडायचं, मग ताई ओठ हलवायची. ती आताही कोणीतरी ओरडण्याची वाट पाहत होती. त्याने तोंड उघडलं, आणि ज्युडिथनी त्याच्याकडे पाहिल्यावर मिटलं. मग त्याला ते सहन होईना, म्हणून तो बाहेर गेला.

आत मधुमतीने पान खाली ठेवलं. पहिली ओळ ती फार मोठ्याने बोलली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज चिरकला. तिसऱ्या ओळीपासून ती समोर नसलेल्या म्हाताऱ्यावर खरंच चिडू लागली, नागपूरच्या बायका दुकानदारावर चिडतात तशी, शांतपणे आणि पूर्ण तयारीने. आठव्या ओळीनंतर ज्युडिथनी कॅमेरा बंद केला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

“शूटिंग जूनमध्ये. चालेल?”

“चालेल,” मधुमती म्हणाली. मग सवयीने विचारलं, “आणि डबिंगला माझ्यासाठी कोण बोलणार?”

ज्युडिथना प्रश्न कळला नाही. मधुमतीने तो पुन्हा विचारला.

“कोण म्हणजे?” ज्युडिथ म्हणाल्या. “तुम्हीच.”

मधुमती कोट उचलून बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये अपूर्व भिंतीकडे तोंड करून फोनवर होता. भूमिका गेली हे त्याने वॉटफर्डच्या मावशीला, नागपूरला काकूंना आणि हैदराबादच्या एका निर्मात्याला कळवलं होतं, आणि चौथा नंबर लावत होता.

“ठेव तो,” ती म्हणाली. “आणि त्या तिघांना परत लाव. मी बोलते.”