पाण्याखाली उतरलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. माझी टोकं बोथट आहेत, पण त्यावरून हसू नका. धार अजून शाबूत आहे.

लोहाराच्या भट्टीतून निघाले ती एका शिवणकाम करणाऱ्या आईच्या हाती पडले. शेकडो झबली आणि पडदे मी कापले. "हिच्यासारखी कात्री नाही," असं ती येईल त्याला सांगायची. पुढे तिची नजर अधू झाली आणि मी खणात गंजत पडले. मला कोणी विचारीना.

तिची थोरली मुलगी समुद्रात बुडी मारून तळाशी पडलेली जुनी जाळी काढायचं काम करायची. तिने माझा गंज उतरवला, खिळ्याला तेल दिलं आणि कुणाला टोचू नये म्हणून टोकं घासून टाकली. मी चांगलीच रुसले! पण तिने मला छातीवर बांधलं. पायाला बांधलेलं हत्यार जाळ्यात अडकल्यावर हाती लागत नाही, हे तिला ठाऊक होतं.

एके सकाळी धाकटी बहीणही सोबत आली. होडीत थोरलीने बजावलं, "काही अडकलं तर गोल फिरायचं नाही. जागच्या जागी थांब आणि मला खूण कर."

"हो गं ताई, किती वेळा सांगशील!"

तळाशी धाकटीच्या पाठीवरची टाकी जाळ्यात अडकली. काय अडकलं ते पाहायला ती गर्रकन वळली आणि जाळं तिच्याभोवती गुंडाळलं गेलं. तिची पाचावर धारण बसली. ती हातपाय झाडू लागली. टाकीतली हवा भराभर संपू लागली. घाबरून तिने तोंडातली श्वासाची नळीच उपटायला हात नेला.

मी सज्ज होते, पण थोरलीने मला हातही लावला नाही. मला तिचा रागच आला. समोर येऊन तिने एका हाताने बहिणीचा पट्टा पकडला, दुसऱ्याने नळी तोंडात दाबून धरली आणि स्वतः सावकाश श्वास सोडून दाखवला. एकदा, दोनदा, पाचदा. हळूहळू धाकटीचे बुडबुडे विरळ झाले, हात थांबले. तेव्हा कुठे थोरलीने मला काढलं आणि एकेक दोरा कापला. मग दोघी हळूहळू वर आल्या.

होडीत धाकटी हुंदके देत म्हणाली, "ताई, आधीच कापलं का नाहीस?"

"अगं, तू हात झाडत होतीस. जाळं राहिलं असतं बाजूला आणि तुझी नळीच कापली गेली असती."

ते ऐकून मी गार पडले. थोरलीने बहिणीचा जीव वाचवला आणि मला केवढ्या पापातून वाचवलं! तिचे उपकार मी कसे फेडू?

मित्रांनो, आम्हाला धार लावा, तेल द्या, गंजू देऊ नका. पण समोरचा घाबरलेला असेल, तर आधी त्याला धरा. आम्ही थांबू.